युद्धात पोदेर

माझ्या बोलण्यातलं निम्मंच खरं धरायचं, असा आमच्या सर्वण गावात रिवाज आहे. मी बाजारातून हातभर बांगडा आणला म्हटलं की ऐकणारा मनातल्या मनात त्याचा बोटभर पेडवा करून घेतो आणि मगच मान डोलावतो. माझं माहेर पेडण्याचं. तिकडे हा गुण पाण्यातच आहे. आमच्या वाड्यावर विहिरीत मांजर पडलं तर ते वर काढेपर्यंत त्याचा बिबट्या झालेला असायचा, आणि बिबट्या बघायला आलेले चार गावचे लोक मांजर बघूनसुद्धा समाधानानं घरी जायचे. लग्न होऊन मी डिचोलीच्या बाजूला आले ती हे सगळं पदराला बांधून. पुढं प्राथमिक शाळेत मराठी शिकवलं, मुलांना पोटभर थापा ऐकवल्या, सरकारनं त्याबद्दल पगार दिला आणि आता पेन्शनही देतं.

तर अशा बाईनं आयुष्यात एकच गोष्ट थाप न मारता लिहिली, आणि नेमकी तीच लोकांना पचली नाही. ती गोष्ट युद्धाची होती.

डिचोलीत एक वाचनालय आहे. कुठलं ते सांगत नाही. ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील, आणि जे ओळखतील ते चुकतील. त्याच्या मागच्या बाजूला एक छोटा हॉल आहे. रविवारी सकाळी तिथं मुलं जमतात आणि मी गोष्ट सांगते. आमच्या नदीतल्या मगरीनं बसचा कंडक्टर गिळला आणि तो मगरीच्या पोटातूनही ‘फुडें सरात, फुडें सरात’ असं ओरडत राहिला, ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की आता तो कंडक्टर मला बाजारात भेटला तर मी त्याला ओळखेन. एकाही पालकानं कधी तक्रार केली नाही. मगरीनं माणूस गिळावा, राक्षसानं राजकन्या पळवावी, भुतानं देवचाराचं मुंडकं उडवावं, या सगळ्याला आमच्या गावची हरकत नसते.

मग घरोघर टीव्हीवर युद्ध यायला लागलं. एक संपेना तोवर दुसरं. माणसं रात्रीचं जेवण पुढ्यात घेऊन, आमटी भुरकत, पडणाऱ्या इमारती बघायची. पोरंही बघायची. हॉलच्या अंगणात माडाच्या झावळ्यांचे दांडे घेऊन ‘ड्रोन-ड्रोन’ खेळ सुरू झाला. मेलेल्यानं दहा आकडे मोजून उठायचं, असा नियम होता. एका रविवारी असाच एक मेलेला पोरगा उताणा पडल्या पडल्या मला म्हणाला, “बाई, ती टीव्हीवरची मुलं मागीर जेवतात खंय?”

मी म्हटलं, “पुढच्या रविवारी सांगते.”

माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असतं. नसलं तर तिथल्या तिथं शिजवते. ती मुलं मग जेवतात कुठं, ह्या प्रश्नाला मात्र शिजवलेलं उत्तर द्यायला जीभ उचलेना. घरी येऊन स्वयंपाकघरातल्या मेजावर, खिडकी उघडी टाकून, मी लिहायला बसले.

आता युद्ध लिहायचं तर ते बघितलेलं हवं. आमच्यात युद्ध म्हणजे सासरे सांगायचे ते. पोर्तुगीज गेले तेव्हा पूल उडवून गेले, आणि आमच्या सासऱ्यांच्या तोंडून तो पूल दरवर्षी थोडा जास्त उंच उडायचा. मरायच्या आदल्या वर्षी तर त्याचा एक दगड मुरगावच्या बंदरात जाऊन पडला होता. एवढ्या सामग्रीवर कादंबरी होत नाही. विमानाचा आवाज हवा म्हणून मी माहेरी जाऊन राहिले. पेडण्याच्या पठारावर विमानतळ झाल्यापासून विमानं आमच्या भावाच्या घरावरून इतकी खाली जातात की अंगणात वाळत घातलेले कुळीथ त्या वाऱ्यानं आपोआप पाखडले जातात. वहिनीनं सूप माळ्यावर टाकून दिलंय. मी अंगणात उताणी पडून विमानं ऐकली. भाऊ म्हणाला, “तायगे, लोकां बघतत.” म्हटलं, बघू देत. ह्या वयात युद्धावर चाललेय मी.

गोष्टीत एक मुलगी होती, तिचा लहान भाऊ, त्यांची आई, आणि पिशवीतून नेलेली एक कोंबडी. देशाचं नाव मी घातलं नाही. घातलं असतं तर वाचणारे नकाशा काढून आधी बाजू निवडत बसले असते. शहर होतं, घर होतं, आणि धोका आला की वाजणारा भोंगा होता.

तो भोंगा मला नडला.

भोंगा कसा वाजतो? टीव्हीवर ऐकला होता, पण टीव्हीवरचा आवाज कागदावर उतरवायचा कसा? माझ्या आयुष्यात सगळा वाडा एका झटक्यात घराबाहेर काढणारा आवाज एकच. सकाळ-संध्याकाळ सायकलवरून पाव घेऊन येणाऱ्या पोदेराचा रबरी भोंगा. तो वाजला की आंघोळ अर्धी टाकून माणसं धावतात. तेव्हा मी बिनदिक्कत लिहिलं, ‘पों पों, पों पों! भोंगा वाजला. मुलगी भावाचा हात धरून धावत सुटली.’

रविवारी हॉलमध्ये मी आवाज काढून वाचलं. माझा ‘पों पों’ चांगला असतो. बाहेर दोन बायका पिशव्या घेऊन थांबल्या, असं मी नंतर सांगत असते.

मग मागून कुणीतरी ओरडलं, “पोदेर आयलो!”

जे हसू फुटलं ते विचारू नका, आणि पावांच्या मागण्या सुरू झाल्या. “उंडे हाडूंक धांवता काय ती?” “बाई, मका दोन पोयी!” “बाई, कातरे पाव आसा काय बघ!” एक जण तर हसता हसता बाकावरून खाली पडला आणि खालूनही ‘पों पों’ करत राहिला. माझं युद्ध सुरू व्हायच्या आधीच संपलं. आयुष्यभर मी लोकांना हसवलं, पण स्वतःच्या मर्जीनं. हे हसू माझ्या हातातलं नव्हतं, आणि त्याचा मला असा राग आला की मी चष्मा काढून मेजावर आपटला.

आता त्या हॉलमध्ये एक पोरगी यायची. दहाएक वर्षांची, पण तोंड मामलेदाराचं. सिंधुदुर्गातली माणसं, बाप आमच्याकडे खाणीवर टिपर चालवायचा, म्हणजे तांबडी माती भरून धावणारा तो अजस्र ट्रक. राहायला खाणीच्या कडेला भाड्याची खोली. ती पोरगी कधी गप्प बसली असेल तर ती झोपेत. त्या दिवशी हसणाऱ्यांत ती नव्हती. उभी राहून, कमरेवर हात ठेवून मलाच म्हणाली, “बाई, तुमी भोंगो कधी आयकलात काय, खराखुरो?”

“तू ऐकलायस?”

“आमच्या खाणीर वाजता मां! भोंगो वाजलो की आवस मांडणीवरची भांडी खाली काढून ठेवता. मगे सुरुंग उडता. एकदा काढूक इसारली तर चायचे कोप सगळे फुटले. बापाशीन तिका काय काय म्हटल्यान, सांगू?”

“ते नको सांगू.”

“तसो भोंगो लांबडो वाजता. ऊऽऽऽ करून. तुमचो पोदेर असो थांबान थांबान वाजता. पण बाई,” आणि इथं तिनं बाकी पोरांकडे असं बघितलं की जणू ती अध्यक्ष आणि आम्ही सभासद, “पोदेर रवांदे. थंय लोकां पाव खाणत नाय काय? बारको भाव तेंचो चुकतलो. पोदेर खयचो, भोंगो खयचो, तेका काय कळता!”

मी गप्प झाले, आणि मी गप्प झाले हे ऐकून आमच्या घरात कुणी विश्वास ठेवला नाही.

त्या आठवड्यात मी सगळं फाडून पुन्हा लिहिलं. आता त्या शहरात रोज सकाळी पाववाला भोंगा वाजवत यायचा आणि लहान भाऊ सगळ्यांच्या आधी दारात असायचा. मग दुसरा भोंगा वाजायला लागला, लांब वाजणारा. सुरुवातीला धाकट्याला दोन्हींतला फरक कळायचा. पुढं त्याला काय, मोठ्यांनाही कळेनासा झाला. पाववाला येऊन भोंगा वाजवायचा आणि सगळी गल्ली पलंगाखाली. पाववाला एकटाच रस्त्यात उभा, करंडीतला पाव गार होतोय, आणि एकही दार उघडत नाही. हा भाग वाचला तेव्हा मागच्या रविवारी बाकावरून पडलेला पोरगा पाय वर घेऊन बसला होता. हे सगळं मला आधीपासूनच सुचलेलं होतं, असं मी पुढं बऱ्याच ठिकाणी सांगितलं आहे. त्या पोरीनं अजून तरी आक्षेप घेतलेला नाही.

गोष्ट रविवारमागून रविवार पुढं सरकली. आई, मुलगी, भाऊ आणि कोंबडी एका ट्रकमधून निघाली, चालली, थांबली, पुन्हा चालली आणि शेवटी दूरच्या एका गावात पोचली. ते गाव मी कुठून आणणार? डोळ्यांपुढं आमच्या जवळचं नार्वे गाव आलं. नाव बदललं, देऊळ काढलं, पण नदी ठेवली, काठची शेती ठेवली आणि नदी ओलांडायची होडीही ठेवली. होडीतून ही माणसं उतरतात. काठावर गाव उभं असतं. कोणी हसत नाही, कोणी शिवीही देत नाही. एक बाई दुसरीला फक्त म्हणते, “भायले आयले.”

तेवढंच. बाहेरचे आले.

तो शब्द आमच्याकडे मुलांना ‘आई’च्या पाठोपाठ येतो. खाणीवरचा मजूर भायलो, बांधकामावरचा भायलो, दिल्लीहून येऊन जुनी घरं विकत घेणारा भायलो, आणि पाणी कमी आलं की ते पिणाराही भायलोच. मी तो शब्द लिहिला तो मुद्दाम नव्हे. काठावरची बाई दुसरं काय म्हणणार? मी निर्वासित लिहिलं असतं तर ती बाई पेपर वाचतेय असं वाटलं असतं.

वाचून झाल्यावर बाजारपेठेतल्या एका दुकानदाराचा पोरगा त्या टिपरवाल्याच्या पोरीकडे वळून अगदी सहज, वाईट काही मनात न आणता म्हणाला, “म्हणजे तुमी तशीं.”

“आमी नाय हां!” ती उसळली. “आमी धरणग्रस्त. आमचो गाव पाण्याखाली हा. घर, माड, शाळा, सगळा. दाखलो आसा बापाशीकडे.” धरणग्रस्त हा शब्द तिनं असा उच्चारला की जणू काही तो सरकारनं दिलेला किताब आहे आणि तुमच्या घरात तो कुणाकडे नाही.

“पूण भायलींच मगो?”

“मग त्या गोष्टीतल्या मुलीन काय केल्लां, म्हणान तिका भायली म्हणतत? सांग. घर तिणां मोडलां?”

पोरानं तो प्रश्न घरी नेला आणि रात्री जेवताना बापाला विचारला. बापानं वाचनालयाच्या अध्यक्षांना फोन केला.

अध्यक्ष बँकेतून निवृत्त. माणूस वाईट नाही. फक्त त्यांचा सदरा इतका कडक इस्त्रीचा असतो की ते खाली वाकले तर कागदासारखा आवाज येतो. त्यांनी मला कार्यालयात बोलावलं, चहा मागवला आणि कपाला हात लावायच्या आधीच म्हणाले, “बाई, बालमनाचा विचार करायला हवा.”

“केलाय की. म्हणूनच लिहिलंय.”

“मुलं घाबरतात.”

“कंडक्टर गिळला तेव्हा कुठं घाबरली?”

“ते काल्पनिक होतं.”

“तुम्हाला खात्री आहे?”

ते हसले नाहीत. हळूच टेबलावर बोटं जोडून म्हणाले, “हे बघा, गोष्ट चांगली आहे. आपण वर्धापनदिनाला पुस्तकही छापू. दोनच सूचना आहेत. एक, तो शब्द काढा. गावातल्या लोकांना आपल्यावरच बोट रोखल्यासारखं वाटतं. दुसरी, शेवट. शेवटी काय होतं?”

“काही नाही. ती तिथं राहतात.”

“म्हणजे परत जात नाहीत?”

“युद्ध संपलेलं नाही. कुठं जाणार?”

“संपवा ना! तुम्ही लेखिका आहात. एका ओळीत संपवता येतं. युद्ध थांबलं, सगळे आपापल्या घरी गेले, घराला रंग दिला आणि सत्यनारायण घातला.”

“त्या देशात सत्यनारायण घालतात की नाही मला माहीत नाही.”

“मग प्रसादासारखं काहीतरी गोड घाला!”

“अध्यक्ष,” मी म्हटलं, “मी जन्मभर थापा मारत आले. पण मारायच्या कुठं ते मला कळतं. घर पडलेल्या पोराला, ते पुन्हा उभं राहिलं म्हणून सांगायची थाप मी मारणार नाही.”

त्यांनी कप उचलला. “तर मग पुढच्या रविवारी शेवटचं प्रकरण वाचता येणार नाही. हॉल मिळणार नाही. बदल करा, हॉल तुमचाच आहे.”

घरी येऊन मी भांड्यांवर राग काढला. आमच्या घरात मी भांडी घासते त्या आवाजावरून शेजारी हवामान ओळखतात. नवरा कुळागरातल्या पोफळींना पाणी सोडून आला, पाय धुऊन पायरीवर बसला.

“दोन ओळी बदलल्यो तर काय जाता तुजां?”

“माझं काही जात नाही. त्या पोरांचं जातं.”

“पोरांका काय कळता?”

“तेच तर! त्यांना कळतं म्हणून ह्यांना भीती वाटते. त्या पोरानं बापाला काय विचारलं माहितीय? आपण त्यांना भायले का म्हणतो. ह्यात घाबरलं कोण? पोरगा की बापूस?”

नवऱ्यानं पायांचं पाणी पुसलं. मग म्हणाला, “तुका भांडूक होयां. गोष्ट निमित्त.”

“असू दे निमित्त.”

“आनी हॉल नाय दिलो तर?”

“तर रस्त्यात वाचीन.”

हे मी नेहमीसारखं निम्मं खरं धरायचं म्हणूनच बोलले होते. रस्त्यात वाचायला मी काय वेडी आहे?

रविवारी गेले तर हॉलला कुलूप. दारावर पाटी, ‘दुरुस्तीसाठी बंद’. काय दुरुस्त करायचं होतं देव जाणे; आत फक्त बाक आणि एक घरघरणारा पंखा. पोरं अंगणात उभी. नेहमीपेक्षा जास्त, कारण ज्यांना घरून जाऊ नको म्हटलं होतं ती सगळी आली होती. हातात वह्या-कागद, समोर पोरं, आणि डोक्यावर ऊन असं की रस्त्याचं डांबर चुलीवरच्या पिठल्यासारखं बुडबुडे काढत होतं.

“बाई, सुरू करात!”

“कुठं बसणार तुम्ही? मातीत?”

तेवढ्यात ती टिपरवाल्याची पोरगी बापाला हाताला धरून ओढत आली. खाण रविवारी बंद. बाप धुतलेला टिपर घेऊन गॅरेजकडे निघाला होता आणि वाटेत पोरीला सोडायला थांबला होता. वाचनालयासमोरच्या पर्जन्यवृक्षाची सावली अख्ख्या रस्त्यावर पडते. टिपर तिथंच उभा होता, रिकामा, मागचा हौदा पाण्यानं धुऊन लखलखीत.

“बाई, हेच्यात बसा मां!”

बाप ओशाळला. “हिका काय कळणां नाय, बाई. ती खंयचांय बोलता.”

पण पोरं ऐकायला थांबलीच नव्हती. चाकावरून, फळीवरून, एकमेकांच्या डोक्यावर पाय देऊन ती हौद्यात चढली सुद्धा. मग मला चढवणं आलं. त्याबद्दल डिचोलीत निरनिराळी वर्णनं ऐकायला मिळतात. मी स्वतः सांगते ते असं की मी एका उडीत वर गेले. बाप खालून ढकलत होता, चार पोरं वरून ओढत होती, ते सगळं त्यांच्या समाधानासाठी.

मी हौद्याच्या कडेला पाठ टेकून बसले आणि वाचायला लागले. लोखंडाच्या त्या हौद्यात आवाज असा घुमायचा की रिक्षा स्टँडवरचे लोक उठून आले, भाजीवाली पाटी डोक्यावर घेऊनच उभी राहिली, आणि बसमधून उतरणारे तिथंच थबकले. पहिल्यांदाच कुणाला माझ्या आवाजाबद्दल अतिशयोक्ती करावी लागली नाही.

प्रकरणाच्या मध्यावर अध्यक्ष स्कूटरवरून आले. हेल्मेट काढलं, सदरा नीट केला.

“बाई, हे काय चाललंय?”

“दुरुस्ती.”

लोक हसले. ते त्यांना आवडलं नाही. ते ड्रायव्हरकडे वळले. “गाडी काढा इथून. रस्त्यात अशी गाडी लावतात?”

टिपरवाला बिचारा नम्र माणूस, डोक्याचं फडकं काढून हातात घेतलेलं. पण पोरगी कुणाची ते त्यानं एका वाक्यात दाखवलं. “सायबानू, काढतंय. पण गाडी चालू केली तर ही सगळी पोरां वांगडा येतली. खंय नेव तेंका, तेवढां सांगा.”

अध्यक्षांनी हौद्यात मान वर करून बघितलं. पोरं त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी आवाज मऊ केला. त्यांनाही नातवंडं आहेत. “बाळांनो, भीती वाटते ना ही गोष्ट ऐकून? खरं सांगा.”

बाकावरून पडलेला पोरगा सगळ्यांच्या आधी बोलला. “हय. भियेलों.”

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे, बघा.

“भियेलों,” पोरगा पुन्हा म्हणाला, “फुडें वाचात.”

मी पुढं वाचलं. नव्या गावातली संध्याकाळ. तिथलाही पाववाला भोंगा वाजवतो. लहान भाऊ शाळेच्या पडवीत असतो, तो झटकन बाकाखाली शिरतो आणि कान झाकतो. पडवीतली पोरं हसतात. मग त्या गावची एक मुलगी, जिनं होडीपाशी ‘भायले आयले’ हे शब्द ऐकलेले असतात, रस्त्यावर जाऊन पाव आणते, येऊन बाकाखाली त्याच्या शेजारी सरपटत शिरते आणि पाव मोडून अर्धा त्याच्या पुढ्यात ठेवते. दोघं बाकाखाली बसून पाव खातात. वरून आई हाक मारत असते. युद्ध चालूच असतं. गोष्ट संपते.

मग हौद्यातली पोरं एकदम सगळी बोलायला लागली.

“घरा गेलीं काय तीं मागीर?”

“मला माहीत नाही,” मी म्हटलं.

“माहीत नाय कसां?” टिपरवाल्याची पोरगी भडकली. “तुमी लिवलात मां!”

“लिहिलं तेवढंच मला माहीत आहे.”

“मग हंयच रवांदेत. परत जावन काय करतली? घर खंय आसा?” तिनं आपल्या गावाचं नाव काढलं नाही, पण बाप एकदम चाकाकडे बघायला लागला.

दुकानदाराचा पोरगा हळूच म्हणाला, “आनी कोंबी?”

“कोंबडी हौद्यात,” मी म्हटलं, “तुझ्या मागं बसलीय.” आणि अर्ध्या पोरांनी वळून बघितलं.

पोरं उतरली. अध्यक्ष स्कूटरपाशी उभेच होते. मी खाली आले (पुन्हा एका उडीत), तेव्हा ते जवळ येऊन म्हणाले, “ठीक आहे. शेवट राहू दे. छापू आपण. पण तो शब्द तेवढा काढा, बाई. एवढं तरी ऐका माझं. लोक दुखावतात.”

खरं सांगते, त्यांच्या आवाजात विनंती होती. विनंतीला नाही म्हणणं मला अवघड जातं. आणि समोर पुस्तक होतं. ह्या वयाला पहिलं पुस्तक. कव्हरवर माझं नाव. एक शब्द काढायचा, बस्स. दोन ओळींनी तुझं काय जातं, हे नवऱ्याचं म्हणणं आठवलं. माझ्या बाजूला ती पोरगी उभी होती, बापाचं फडकं ओढत, घरी जायची घाई करत. तिला तो शब्द रोज ऐकायला मिळतो. पुस्तकातून काढला म्हणून उद्या नळावर तो कमी होणार नव्हता. मात्र तो शब्द गाळलेलं पुस्तक वाचून, आपण रोज ऐकतो ते कुणी लिहिलंच नाही, असं तिला वाटलं असतं.

“तो शब्द माझा नाही, अध्यक्ष,” मी म्हटलं. “गावाचा आहे. गावातून काढा. त्या दिवशी मी पुस्तकातून काढते.”

“मग पुस्तक छापता येणार नाही.”

“नका छापू.”

आणि ते छापलं नाही. वर्धापनदिनाला दुसरं एक पुस्तक आलं, फुलपाखरांवरचं. छान आहे, चित्रंही सुरेख. माझी गोष्ट अजून कागदांच्या गठ्ठ्यातच आहे. पण शाळेतल्या शिक्षिकांनी तिच्या झेरॉक्स काढल्या, त्या झेरॉक्सच्या झेरॉक्स निघाल्या, आणि आता काही पानं इतकी फिकी झाली आहेत की मुलं मधली वाक्यं स्वतःच भरतात. सावंतवाडीपर्यंत गेलीय म्हणे. मी विचारणाऱ्याला बेळगावापर्यंत सांगते.

हॉलचं मात्र वेगळंच झालं. पोरं भर रस्त्यात टिपरच्या हौद्यात चढतात, ही बातमी घरोघर पोचली. आयांचा जीव वर-खाली झाला. ज्या बापानं फोन केला होता त्यानंच पुन्हा अध्यक्षांना फोन केला, टिपरपेक्षा हॉलमधलं युद्ध बरं, म्हणून. पुढच्या रविवारी कुलूप नव्हतं, पाटी नव्हती. कुणी काही बोललं नाही, माफी नाही, अट नाही. मी आत गेले. बाक तेच, तेवढेच मोडके. मी कागद काढले आणि गोष्ट पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केली, कारण नवी पोरं आली होती आणि त्यांना कोंबडी माहीत नव्हती.

होडीच्या पानावर आले तेव्हा दारात इस्त्रीच्या सदऱ्याचा आवाज झाला. अध्यक्ष आत आले नाहीत. हात लांबवून त्यांनी भिंतीवरचं बटण फिरवलं आणि पंखा फुल्ल केला. पोरांना उकडतंय म्हणून केला की माझा आवाज बुडावा म्हणून, ते त्यांनाच ठाऊक. पंखा घरघरायला लागला, कागद उडायला लागले. मी कागदांवर कोपर ठेवलं आणि काठावरच्या बाईचं वाक्य त्या घरघरीच्या वर काढून वाचलं.